आठ वेढे जास्तीचे

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोनईत रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर गप्पांना येणाऱ्या मित्रांना नाही, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसलेले असता तर आत्ताही मी पाऊसपाण्याचा विषय काढला असता. तेवढी चलाखी माझ्यात आहे. पहिल्यापासूनच आहे.

गोष्ट एका चार्जरची आहे. होडीतली बॅटरी चार्ज करायचा चार्जर. नगर जिल्ह्यात कुठली आलीय होडी, असं तुम्ही म्हणाल — पण नेवासे तालुक्यात धरणाचा फुगवटा शेताशेतात शिरलाय, तिकडे येऊन बघा. तिथल्या एका गावाची निम्मी जमीन आणि निम्मे सोयरे पाण्याच्या पलीकडे आहेत. सडकेने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून गावाने मिळून एक फायबरची होडी घेतली, तिला डिझेलचं इंजिन बसवलं. इंजिन चालू करायला, दिव्याला आणि तळात साचलेलं पाणी उपसायच्या पंपाला एक बॅटरी लागायची. ती मागच्या फळीखाली, लाकडी पेटीत. होडी चालवायचे रंगनाथतात्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, शांत, कमी बोलणारे. मला ते ‘सर’ म्हणायचे.

सगळेच म्हणायचे. मी एका खासगी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचो, आणि फावल्या वेळात घरी बॅटऱ्या, चार्जर, मोटारींचं वाइंडिंग. सरांनी हात लावला की मेलेली बॅटरी उठून बसते, असं लोक म्हणत. मी ते खोडून काढायचो नाही. का काढू? माणसाला आयुष्यात एवढं एक वाक्य मिळालं तर तो ते जपतोच. मी जरा जास्तच जपलं.

चार्जर कोणता घ्यायचा यासाठी गावाची बैठक मारुतीच्या पारावर झाली आणि मला मुद्दाम बोलावलं. सोसायटीच्या सचिवांनी नगरहून चौकशी करून आणली होती. खास होड्यांसाठीचा ऑटोमॅटिक चार्जर मिळतो म्हणे — बॅटरी भरत आली की जोर कमी करतो, भरली की नुसती राखण करतो, लाईट कमी-जास्त झाली तरी आपला आपण सांभाळून घेतो. त्यांनी त्याचं माहितीपत्रकही आणलं होतं, घडी घालून, खिशात. वस्तू चांगली होती. मला ती वाचताक्षणीच कळली होती — हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही मला अज्ञानाचा फायदा द्याल.

मी म्हणालो, बॅटरीला काय शाळेत घातलीय का, घंटा झाली की आपोआप सुटायला? सगळा पार हसला. सचिवही हसले, जरा ओशाळून, आणि कागद पुन्हा खिशात गेला. ते हसू अजून माझ्या कानात आहे. पैशाचा प्रश्न नव्हता, गाव दोन्हीला तयार होतं. प्रश्न एवढाच होता की नगरच्या दुकानातली डबी मोठी की मी.

तर मी चार्जर स्वतः बनवला. साधा ट्रान्सफॉर्मर, पुढे डायोड, वर एक काटा, पत्र्याची पेटी, तिला हिरवा रंग. बंद करायची अक्कल त्यात नव्हती. लाईट असेपर्यंत तो बॅटरीत ओतत राहणार. आणि त्या काठावर लाईट कसली होती? शेतीची लाईट — एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री — आणि तीही अशी मेलेली की पंख्याची पाती मोजून घ्यावीत. आमच्या भागात वाइंडिंग करणारा प्रत्येक जण जे करतो तेच मी केलं. लाईट कमी येते ना, मग तारेचे वेढे वाढवा. चाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस. आठ वेढे जास्तीचे. त्या मरतुकड्या लाईटवर माझा चार्जर असा चालला की विचारू नका. तात्या पंपाच्या खोलीतून लांब वायर ओढायचे, चिमटे लावून ठेवायचे, लाईट येईल तेव्हा येईल. होडी कायम तयार. वर्षभर बॅटरीने एकदाही दगा दिला नाही. त्या वर्षी सप्त्याला गावाने मला नारळ दिला.

आणि मग त्या काठाला नवीन डीपी, म्हणजे विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, बसली. किती वर्षं अर्ज केले होते लोकांनी. खांबाला हार घातला, पेढे वाटले, मीही खाल्ला. मोटारी दणक्यात चालू लागल्या. पाऊसकाळात सगळ्यांच्या मोटारी बंद असल्या की तिथली लाईट अडीचशे व्होल्टच्याही वर जायची. सगळ्या गावाला आनंद. त्या लाईटवर माझ्या आठ वेढ्यांचं काय होणार, हे त्या गर्दीत एका माणसाला कळायला हवं होतं. तो पेढा खात होता.

तात्या बाजारच्या दिवशी सोनईला आले. बॅटरी पाणी फार पिते म्हणाले. मी म्हणालो, जुनी झाली असेल. गावाने नवी आणली. महिन्याने पुन्हा आले — नवीही पिते, आतून रटरट आवाज येतो, पेटी उघडली की डोळे चुरचुरतात. तेव्हा मीटर घेऊन मी होडीवर गेलो. सकाळची वेळ, दिवसाच्या पाळीचा आठवडा. मी मीटरच्या काड्या टेकवल्या. चौदा-साडेचौदा व्होल्ट हवं होतं, तिथे पावणेसतरा दाखवत होतं. बॅटरी उकळत होती. चुलीवरच्या भातासारखी, झाकण घालून. आणि बॅटरी अशी उकळली की तिच्यातून जो वायू निघतो तो ठिणगीची वाट बघत बसतो, हे मी दर वर्षी पोरांना शिकवत होतो. फळ्यावर लिहून.

किती वेळ लागला मला कळायला? मिनिटही नाही. आणि उपाय? एक म्हणजे आठ वेढे उलगडायचे, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर, तात्या, दोन तासांत काढत जा, पेटीचं झाकण उघडं ठेवा, आणि आधी बटण बंद, मगच चिमटा — एवढं एक वाक्य. फुकटचं वाक्य. पण काठावर सचिव उभे होते, हात मागे बांधून. काय निघालं हो सर, असं त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो ऐकू आला. तात्याही माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, सगळं ठीक आहे. पाणी तेवढं टाकत चला.

ते वाक्य एवढं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं. मनात ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हिसिंगच्या नावाखाली चार्जर घरी आणू, गुपचूप वेढे काढू, कुणाला कळायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तोवर? तोवर काय होतंय — असंच म्हणतो ना आपण? आधी बटण बंद करा, हे सांगितलं असतं तर तात्यांनी का म्हणून विचारलं असतं. म्हणून तेही नाही सांगितलं. तुम्हाला हे खरं वाटतं का? एका ‘का’ला मी घाबरलो.

दिवाळी आली. पाहुणे होते. राहून गेलं.

ती सोमवारची सकाळ होती. पलीकडे एका घरी दहावा होता. इकडचे सोयरे काठावर गोळा झालेले, पिंडाला कावळा शिवायच्या आत पोचायचं म्हणून सगळ्यांची घाई. पहाटेपासून लाईट होती. म्हणजे बॅटरी सहा तास उकळत होती, झाकणबंद पेटीत. पाणी आत जाऊ नये म्हणून त्या झाकणाला रबराची पट्टी लावायची युक्तीही माझीच. तात्यांनी फळी उचलली, पेटी उघडली, आणि लाईट चालू असतानाच काळा चिमटा काढला. ते नेहमीच तसा काढत. कुणी सांगितलंच नव्हतं. चिमटा सुटताना जी बारीकशी ठिणगी पडते ती पडली, आणि बॅटरीचं वरचं अंग त्यांच्या तोंडावर फुटलं.

त्यांची बायको, अनसाबाई, डबा द्यायला आली होती. ती धावली आणि त्यांचं डोकं धरून तिने धरणाच्या पाण्यात दाबलं. लोक ओरडत होते, बाई मारतेस काय त्याला. तिने ऐकलं नाही. पुन्हा बुडवलं, पुन्हा वर काढलं, पुन्हा बुडवलं. डॉक्टर नंतर म्हणाले की त्यामुळे उजवा डोळा थोडा तरी राहिला. अनसाबाई शाळेत गेलेली नाही. त्या काठावर त्या वेळी जे बरोबर करायचं होतं ते तिने एकटीने केलं.

आणि मी काय केलं? सचिवांचा फोन आला तेव्हा तात्यांना जीपमध्ये घालून नगरला नेलं होतं. मी दवाखान्यात गेलो नाही. आधी होडीवर गेलो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो — मी आधी होडीवर गेलो. काठ रिकामा होता. पेटीत आम्ल सांडलेलं, प्लॅस्टिकच्या चिंधड्या. लाल चिमटा अजून आपल्या जागी होता, अधिकच्या टोकाला, घट्ट. त्याचा रंग उडाला म्हणून तात्यांनी त्याला अनसाबाईच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधली होती, चूक होऊ नये म्हणून. ती चिंधी तिथेच होती, तिच्यावर शिंतोडाही नव्हता. मी तो चिमटा काढला. चार्जर पिशवीत भरला.

लोक जमले तेव्हा मी म्हणालो, तात्यांनी चिमटे उलटे लावले होते. अधिकला उणे, उण्याला अधिक. असं केल्यावर फुटणारच. सचिवांनी मान हलवली. एक जण म्हणाला, चार्जरला काय झालं न्हाई ना सर? मी म्हणालो, नाही, चार्जर चांगला आहे, तरी तपासून आणतो. चोराच्या उलट्या बोंबा तरी मोठ्याने असतात. माझा आवाज मवाळ होता, दुःखी होता, आणि दुःख खोटं नव्हतं — हीच तर त्यातली घाण आहे.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी चार्जर उघडला आणि आठ वेढे उलगडले. अर्धा तासही लागला नाही. पक्कडीने तार तोडली, टोक पुन्हा डाग देऊन जोडलं, पेटी पुसली. आता कुणीही तपासावं.

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. तोंडाला पट्ट्या, दोन्ही डोळे झाकलेले. मी आल्याचं अनसाबाईने सांगितलं तर तात्या उठायला लागले. सरांना बसायला दे म्हणाले. गावातून बातमी तिथवर पोचली होती. ते हळू बोलले.

“सर, मला आपलं वाटत हुतं चिमटे बराबर हुते म्हनून. हात सवयीचा हाय. पर तुमी बघितलंय म्हंजी माझंच चुकलं आसन.”

इथे बोलायचं होतं. याहून सोपी जागा देवाने कुणाला दिली नसेल. त्या माणसाचा हात खरं सांगत होता आणि त्याने माझ्यासाठी तो खोटा ठरवला. मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी केली आणि म्हणालो, होतं असं घाईत.

डावा डोळा गेला. उजव्याला सावल्या दिसायच्या. होडी दुसऱ्याकडे गेली, तिला गावाने सचिवांचा तो ऑटोमॅटिक चार्जर आणला, आणि मी काही बोललो नाही. तात्या घराच्या पडवीत बसून चाचपडत जाळी विणायचे. पाण्यावर आयुष्य गेलेला माणूस, पाण्याकडे तोंड करून बसायचा आणि कोणती होडी लागली ते इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, चिमटे बघून लावत जा रे, माझ्यासारखं करू नका.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की हाच माझा गुन्हा. मलाही तसं वाटायचं, पण पुढे मी याहून खाली उतरलो.

आयटीआयमध्ये दर वर्षी सुरक्षा सप्ताह असायचा. प्राचार्य म्हणाले, एखादा प्रत्यक्ष अपघात झालेला माणूस मिळाला तर पोरांवर परिणाम होईल. आणि मी — मी म्हणालो, मिळेल. का म्हणालो? आज वाटतं, ती गोष्ट त्यांच्या तोंडून, भर वर्गात, माझ्यासमोर सांगितली गेली की ती कायमची खरी होईल, असं मला कुठेतरी वाटलं असणार. मोटारसायकलवर मागे बसवून मी त्यांना नेलं. वाटेत खड्डा आला की ते माझा खांदा धरायचे. मी फळ्यावर अधिक-उणेची खूण काढली आणि तात्यांनी आपली चूक पोरांना सांगितली. टाळ्या झाल्या. शाल, नारळ. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षीही. पाच वर्षं मी त्या माणसाला माझं खोटं त्याच्याच तोंडाने बोलायला लावलं, आणि चांगला कार्यक्रम घेतल्याबद्दल प्राचार्यांची शाबासकी घेतली.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, चिमट्याला तांबडी चिंधी बांधली होती म्हणता, मग उलटे लागले कसे? माझ्या हातात खडू होता, तो मी खाली ठेवला. तात्यांनाही हा प्रश्न पडला असणार, पडवीत बसून शंभरदा पडला असणार.

“घाई, पोरी,” ते म्हणाले. “घाईत मानसाला तांबडं बी काळं दिसतं.”

माझ्या खोट्यात एकच भोक होतं, तेही त्यांनी बुजवून दिलं. मुलीने वहीत लिहून घेतलं. परतताना तात्यांनी मला विचारलं, बराबर सांगितलं ना सर? मी म्हणालो, बरोबर सांगितलंत.

गेल्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. छाती भरून आली होती, नगरला न्यायला नको म्हणत होते. सरांना एकदा बोलवा, असा निरोप आला. त्यांना कळलं, असंच वाटलं. आणि खरं सांगतो, त्या पाऊण तासाच्या वाटेवर भीतीइतकंच हलकंही वाटत होतं. आता ते विचारतील, मी हो म्हणेन, संपेल. हो म्हणायला फार धैर्य लागत नाही, असं मी मोटारसायकलवर स्वतःला समजावत गेलो.

अनसाबाईने उशाशी पाट मांडला. तिघेच होतो. तात्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांचा हात नुसती कातडी झाला होता. धाप लागत होती, मध्ये मध्ये थांबून बोलत होते.

“सर, येक मनात राहिलंय. तुमी येवढं खपून आमाला चार्जर करून दिला. वर्षभर चांगला चालला. आन् म्या येका घाईत समदं वाटूळं केलं. तुमच्या कामाला माझ्यापायी बट्टा लागला. लोक म्हनले आसतील, सरांचा चार्जर फुटला. तेवढी मला माफी द्या.”

मी अनसाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. चिंधी तिच्या लुगड्याची होती. ती त्या सकाळी तिथे उभी होती. तिला काय माहीत आहे, मला आजही ठाऊक नाही. तिने पदराने तात्यांचं कपाळ पुसलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली. तात्याही वाट पाहत होते. त्या एका डोळ्याने मी जिथे असेन असं त्यांना वाटत होतं तिकडे बघत.

तोंड उघडलं ते मला आठवतं. शब्द दुसरेच येणार होते, असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. हेच येणार होते.

मी म्हणालो, “दिली, तात्या. मनात ठेवू नका.”

बरं झालं, म्हणाले. आता हलकं वाटतंय. सरांना चहा दे गं, असं अनसाबाईला म्हणाले. तिने दिला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

तिसऱ्या दिवशी ते गेले — मी दिलेली माफी घेऊन.